शिमग्याच्या तोंडावर व्यवसाय कर

मार्च महिना कोकणात पैसे भरायचा महिना नव्हे. आंब्याच्या बागेत फवारण्या, राखणदारांचे पगार, खोके, वाहतुकीचे आगाऊ पैसे असा सगळा पैसा बाहेर जात असतो आणि पेटीचा पैसा बाजारातून अजून यायचा असतो. काजू कारखानदाराला वर्षभराची बी याच सुमारास रोखीने उचलायला सुरुवात करावी लागते. हंगामात बी हातची गेली तर पावसाळ्यात कारखाना अर्धाच चालतो. किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्याकडे मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत पाहुणा फिरकत नाही. त्यातच बहुधा शिमगा येतो, पालखी घरोघर फिरते आणि गडीमाणसे उचल मागतात. या महिन्याच्या ३१ तारखेला राज्य शासनाला छोट्या मालकाकडून कामगारांचा वर्षभराचा व्यवसाय कर एकरकमी हवा असतो.

कराचे विवरणपत्र दरमहा न देता वर्षातून एकदाच देण्याची ही सोय सवलत म्हणून दिली गेली. कोकणातल्या हंगामी धंद्यासाठी ती आहे तशी सवलत उरलेली नाही, आणि ती दुरुस्त करणे राज्याच्या हातात आहे. त्याआधी हा कर नेमका कसा चालतो ते पाहायला हवे, कारण मालकांचे बरेचसे नुकसान दरापेक्षा गैरसमजामुळे होते.

व्यवसाय कर १९७५ च्या राज्य कायद्याने आला. मालकाच्या बाजूने त्याचे दोन वेगळे भाग आहेत. एक मालकाचा स्वतःचा कर, वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत भरायचा. दुसरा कामगारांच्या पगारातून कापून शासनाकडे जमा करायचा. पहिल्यासाठी नावनोंदणी, दुसऱ्यासाठी मालक म्हणून नोंदणी, आणि दोन्हींचे क्रमांक वेगळे. नावनोंदणीचा क्रमांक ९९ ने सुरू होतो, मालकाच्या नोंदणीचा २७ ने. शेवटी दोन्हींना पी हे अक्षर असते. चलन भरताना घोटाळा इथेच होतो. कामगारांचे १५,००० रुपये ९९ च्या क्रमांकावर जमा होतात, २७ च्या खात्यावर थकबाकी तशीच दिसते, आणि दोन वर्षांनी नोटीस आल्यावर मालक चलनाची प्रत दाखवून ‘पैसे भरलेत हो’ म्हणत राहतो. भरलेले असतात, पण भलत्या खात्यात. म्हणून चलन काढण्यापूर्वी पहिले दोन आकडे बघायचे आणि चलनावरचा कालावधी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असा तपासायचा.

कामगारांचा कर महिन्याच्या पगारावर ठरतो. पुरुष कामगाराला महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत काही नाही. ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५ रुपये. १०,००० च्या वर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. स्त्री कामगाराला १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत काहीही कापायचे नाही. त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. पासष्ट वर्षांवरच्या व्यक्तींना आणि कायद्यात दिलेल्या प्रमाणात अपंगत्व असलेल्यांना माफी आहे. दाखला मात्र फायलीत हवा.

हिशेब महिन्याचा आहे, वर्षाचा नाही, आणि हीच गोष्ट हंगामी धंद्यात विसरली जाते. तारकर्लीच्या एखाद्या निवासात ऑक्टोबर ते मे एवढेच काम करणाऱ्या, १२,००० पगाराच्या माणसाचा कर बघा. ऑक्टोबर ते जानेवारी चार महिन्यांचे ८००, फेब्रुवारीचे ३००, मार्च ते मे ६००, एकूण १,७००. पण माणशी २,५०० गुणिले माणसे असा सरधोपट गुणाकार करून चलन काढले जाते, आणि जादा गेलेले ८०० रुपये परत मागायला कोणी जात नाही. दुसरीकडे, पावसाळ्यात अर्ध्या पगारावर ठेवलेल्या माणसाला त्या महिन्यांत ६,००० मिळत असतील तर तेवढ्या महिन्यांचा कर शून्य. हजेरीपट आणि पगारपत्रक महिन्याच्या महिन्याला लिहिलेले असेल तरच हा फरक दाखवता येतो. वर्षाच्या शेवटी आठवून लिहिलेले पगारपत्रक बारा महिने सारखेच दिसते, आणि कर भरायलाही ते बारा महिन्यांचा लावते.

याच्या नेमकी उलटी चूक उचलीमुळे होते. कोकणात उचल हा रोजगाराचा पायाच आहे. खलाशी ऑगस्टमध्ये बोटीवर चढण्यापूर्वी उचल घेतो, बागेतला माणूस गणपतीला घेतो, हॉटेलातला शिमग्याला. समजा पगार १२,००० ठरला आहे, त्यातून महिन्याला ५,००० उचलीपोटी वळते होतात आणि हातात ७,००० पडतात. मालकाला वाटते, साडेसात हजारांच्या आत आहे, कर कशाला? कर ठरतो १२,००० वर. उचल म्हणजे आधी दिलेला पगार; ती वळती करून घेतल्याने पगार कमी होत नाही. शिवाय कायदा असा आहे की मालकाने कर कापला असो वा नसो, पगार दिला की त्या कराची जबाबदारी मालकावरच येते. मागच्या वर्षी न कापलेले पैसे यंदा कामगाराकडून वसूल करू म्हटले तर तो माणूस तोपर्यंत दुसऱ्या बंदरात गेलेला असतो. ते मालकाच्या खिशातून जातात.

मच्छीमारीचा हिशेब आणखी वेगळा आहे. हर्णैपासून मालवणपर्यंत काही नाखवे, म्हणजे बोटमालक, तांडेल-खलाशांना मासळीच्या उत्पन्नात वाटा देतात, काही महिन्याचा पगार ठरवतात, आणि कित्येक बोटींवर दोन्ही मिसळलेले असते: ठरलेला पगार, वर मासळी चांगली मिळाली तर काही रक्कम. कायद्यात वेतन म्हणजे नियमितपणे मिळणारा मोबदला, मग तो रोख असो वा वस्तुरूप. शुद्ध वाट्यावरचा खलाशी आणि पगारी खलाशी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. त्यामुळे हंगाम सुरू होतानाच कागदावर काय ठरले ते लिहिलेले असणे नाखव्याच्याच हिताचे आहे. एका पानाचा करार, दोन सह्या, दोन साक्षीदार. तोंडी व्यवहारावर भरवसा हे कोकणातल्या माणसाचे मोठेपण आहे, पण तपासणी अधिकाऱ्यापुढे तो भरवसा कागदासारखा ठेवता येत नाही.

आता वार्षिक सवलतीकडे येऊ. मागच्या वर्षाचे कामगारांच्या कराचे देणे एक लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र वर्षातून एकदा. चाळिसाच्या आत पुरुष कामगार असलेला मालक यात येतो, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा जवळजवळ प्रत्येक छोटा धंदा. (नवी नोंदणी असेल तर आपल्या क्रमांकाला महिन्याचे विवरणपत्र लागले आहे की वर्षाचे, ते संकेतस्थळावर पाहूनच पुढे जावे.) कालावधी १ मार्च ते फेब्रुवारीअखेर, मुदत ३१ मार्च. आयकराचे वर्ष एप्रिल ते मार्च, इथे मार्च ते फेब्रुवारी. जे आर्थिक वर्षाचा पगार जसाच्या तसा उचलून विवरणपत्रात भरतात त्यांचा एक महिना दरवर्षी सरकलेला असतो, आणि माणसे बदलली की रकमा जुळत नाहीत.

कापायचे दरमहा आणि भरायचे वर्षातून एकदा, ही या पद्धतीची खरी अडचण. दहा पुरुष कामगारांच्या खानावळीत दरमहा २,००० रुपये कापले जातात. ते वेगळे काढून ठेवले जात नाहीत; गल्ल्यात राहतात, भाजीच्या पैशांत, गॅसच्या पैशांत जातात. मार्च उजाडतो तेव्हा कागदावर २५,००० कापलेले असतात आणि हातात काही नसते. मालकाने चोरी केली असे कोणी म्हणणार नाही, पण कामगाराच्या पगारातून काढलेला पैसा त्याचा नव्हता, हेही तितकेच खरे. पगाराच्या दिवशीच ती रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाकणे किंवा दरमहा तेवढ्याच रकमेची आवर्त ठेव लावणे, एवढ्याने हा प्रश्न मालकाच्या बाजूने बहुतेक सुटतो. राज्याने काही बदलो न बदलो, हे या महिन्यापासून करता येते आणि केलेच पाहिजे.

चुकले तर काय होते? विवरणपत्र मुदतीनंतर तीस दिवसांत भरले तर विलंब शुल्क २०० रुपये, त्यानंतर १,०००. ते आधी भरायचे, मग विवरणपत्र. न भरलेल्या करावर व्याज पहिल्या महिन्याला सव्वा टक्का, पुढचे दोन महिने दीड टक्का, नंतर दोन टक्के. शिवाय दहा टक्के दंडाची तरतूद आहे. आकडे लहान दिसतात, पण ते कोणावर पडतात ते बघा. चाळीस कामगारांच्या कारखान्याला १,००० रुपये एक टक्का. एकच गडी ठेवणाऱ्या किराणा दुकानदाराला २,५०० च्या करावर १,००० म्हणजे चाळीस टक्के. शुल्क सर्वांना सारखे असल्याने जो जितका छोटा, त्याला ते तितके जड.

त्याहून विचित्र अवस्था बायकांवर चालणाऱ्या उद्योगांची आहे. काजू फोडणी, सोलणी, प्रतवारी, आंबापोळी, कोकम आगळ, लोणची-पापड हे बहुतांश बायकांच्या हातचे काम. २०२३ च्या करमाफीनंतर २५,००० च्या आत पगार असलेल्या बायकांचा कर गेला, आणि ते योग्यच झाले. पण मालकाची नोंदणी जिवंत राहिली असेल तर शून्य कराचेही विवरणपत्र भरावे लागते, आणि ते चुकले तर शून्य करावर १,००० रुपये विलंब शुल्क. अशा मालकिणींनी, आणि यांत बचतगटातून उभ्या राहिलेल्या कितीतरी जणी आहेत, एकही करपात्र कामगार उरला नसेल तर मालकाची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा. स्वतःची ९९ ची नावनोंदणी वेगळी. ती रद्द होत नाही. सूट देताना शासनानेच अशी शून्यावर आलेली खाती बंद करायला हवी होती. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही त्याला वर्षातून एकदा ‘काही देणे नाही’ असे लिहून द्यायला लावणे, आणि ते विसरला म्हणून दंड करणे, हे कुठल्याच तर्काने बरोबर ठरत नाही.

पण पुरुष कामगारांची मर्यादा हा त्याहून मोठा अन्याय आहे. ७,५०० चा आकडा २०१४ पासून तिथेच आहे. महिन्याचे सव्वीस दिवस भरणाऱ्या माणसाला रोज २८९ रुपये मिळाले की तो ही मर्यादा ओलांडतो, आणि ३८५ रुपये मिळाले की सर्वांत वरच्या टप्प्यात जातो. आज किनाऱ्यावर ३८५ रुपये रोजावर नारळाच्या बागेत आळी करायलासुद्धा माणूस मिळत नाही. म्हणजे खालचे दोन टप्पे कागदावर उरले आहेत. पूर्णवेळ काम करणारा प्रत्येक पुरुष थेट २,५०० च्या टप्प्यात येतो. गुहागरच्या हॉटेलात १०,५०० रुपयांवर भांडी घासणारा वर्षाला २,५०० देतो आणि मुंबईत महिन्याला दोन लाख मिळवणारा अधिकारीही २,५००. पहिल्याच्या वर्षाच्या कमाईचे ते दोन टक्के आहेत, दुसऱ्याच्या एक दशांश टक्का.

यावर उत्तर दिले जाते की वरची मर्यादा राज्याच्या हातात नाही. ते अर्धे खरे आहे. २,५०० ही कमाल राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदात आहे. १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने ती २५० वरून २,५०० झाली आणि ती बदलायला संसदच लागेल. खालची मर्यादा मात्र राज्य कायद्याच्या अनुसूचीत आहे. बायकांसाठी ती २५,००० वर नेली तशीच पुरुषांसाठीही नेता येते. महसूल बुडेल, हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. पण १०,५०० रुपयांवर संसार चालवणाऱ्या माणसाकडून गोळा केलेला महसूल राज्याने अभिमानाने मोजावा असा आहे का? शिवाय मर्यादा वर गेली की कोकणातल्या हजारो छोट्या मालकांची विवरणपत्रे, नोटिसा, तपासण्या यांची गरजच संपते. खात्याचाही त्यावर खर्च होतोच.

तारखेचा प्रश्न त्याहून सोपा आहे. ती नियमांत आहे, विधिमंडळातसुद्धा जावे लागणार नाही. कोकणाचे वर्ष मार्चमध्ये संपत नाही, मेअखेर संपते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, म्हणून बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, आंबा संपलेला आणि बाजारातले हिशेब हाती आलेले, काजूची बी भरलेली, पर्यटक परतलेले. जूनमध्ये मालकाकडे पैसाही असतो आणि कागदांपुढे बसायला वेळही. हंगामी धंद्यांसाठी व्यवसाय कराचे वर्ष जून ते मे असे धरून विवरणपत्राची मुदत ३० जून ठेवली तर मालकाचा स्वतःचा कर आणि कामगारांचा कर एकाच दिवशी भरून होईल. मुदत पुढे नेली की कापलेला पैसा आणखी तीन महिने मालकाच्या गल्ल्यात पडून राहील, असे कोणी म्हणेल. कालावधीही तीन महिने पुढे जात असल्याने तसे होत नाही. आज फेब्रुवारीनंतर एक महिना मिळतो, तेव्हा मेनंतर एक महिना मिळेल. ज्यांना मार्चच सोयीचा आहे त्यांनी तोच ठेवावा. निवड एकदा करायची आणि ती तीन वर्षे तरी बदलायची नाही, एवढे बंधन पुरे.

व्यवसाय कराखेरीजची देणी बघितली म्हणजे तारखांचे हे ओझे किती वाढते ते कळते. पाच किंवा अधिक माणसे असतील तर कामगार कल्याण निधी: सहामाहीला कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये, ३० जून आणि ३१ डिसेंबरला हजेरीपटावर असलेल्यांचे, अनुक्रमे १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत. सहा माणसांचे सहा महिन्यांचे ६०० रुपये. तेवढ्यासाठी वेगळी नोंदणी, वेगळे संकेतस्थळ, वेगळा पासवर्ड. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या निवासात ३० जूनला पटावर कोण आहे हे नीट लिहिलेले नसेल तर एकतर नसलेल्या माणसांचे पैसे जातात किंवा असलेल्यांचे राहतात.

दहा माणसांवर, आणि योजना लागू असलेल्या भागात, कर्मचारी राज्य विमा: २१,००० पर्यंतच्या पगारावर कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. वीस माणसांवर भविष्य निर्वाह निधी, त्याचीही तारीख १५. पगारातला आयकर मात्र आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मालकांना आता लागत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराचे पावणेतेरा लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न करमुक्त ठरते. ज्याच्याकडे एकाही कामगाराचा आयकर कापायचा नाही, त्याने केवळ पगारासाठी टॅन, म्हणजे आयकर कापणाऱ्याचा क्रमांक, काढण्याची गरज नाही. ‘सगळेच काढून ठेवू’ म्हणत क्रमांक घेऊन ठेवले की प्रत्येक क्रमांकामागे एक पासवर्ड आणि एक विसरण्यासारखी तारीख चिकटते.

भविष्य निर्वाह निधीबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण इथे आपल्याकडच्या मालकांची चूक मोठी आहे. एकोणीस माणसांवर थांबायचे, विसावा माणूस पटावर घ्यायचाच नाही, किंवा बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढून माणसे विभागायची, ही पद्धत सर्रास आहे. एकाच जागेत, एकाच यंत्रावर, एकाच पैशावर चालणाऱ्या दोन फर्म कायद्याला एकच दिसतात आणि मग मागची सगळी वर्षे एकदम मोजली जातात. थकलेल्या रकमेवर वर्षाला बारा टक्के व्याज, शिवाय जून २०२४ पासून महिन्याला एक टक्का नुकसानभरपाई. एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसे कमी झाली तरी तो सुटत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खर्च किती येतो? १५,००० पगाराच्या माणसाचे १,८०० त्याच्या पगारातून, मालकाचे १,८००. त्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला, ५५० निधीला. वर मालकाकडून विम्याचे ७५ आणि प्रशासनाचे ७५. प्रशासन शुल्क आस्थापनेला किमान ५०० लागते. म्हणजे मालकाचा खर्च पगाराच्या तेरा टक्के. हे काही थोडे नाही. पण त्या ७५ रुपयांच्या विम्यातून नोकरीत असताना माणूस दगावला तर त्याच्या घरी सात लाखांपर्यंत रक्कम जाते. दर्यात जाणाऱ्या, चिरेखाणीत उतरणाऱ्या, माडावर चढणाऱ्या माणसांच्या मुलखात या विम्याला ‘सरकारी कटकट’ म्हणणे शोभत नाही. आज एखादा खलाशी गेला तर नाखवा स्वतःच्या खिशातून देतो, गाव वर्गणी काढते. ती माणुसकी मोठी आहेच, पण त्या घराला वर्षानुवर्षे पुरणारी नाही.

हंगामी कामगारांच्या बाबतीत निधीचे पैसे अडकतात ते दोन ठरावीक चुकांमुळे. पहिली, दर हंगामाला नवा सभासद क्रमांक. माणूस मागच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात होता, त्याचा जुना क्रमांक विचारलाच नाही, नवा काढला, आणि दोन खात्यांत पैसे विखुरले. दुसरी, हंगाम संपल्यावर सोडल्याची तारीख न नोंदवणे. ती नसेल तर पैसे काढताना किंवा वर्ग करताना कामगार अडतो. मेअखेर प्रत्येक जाणाऱ्या माणसाची ती तारीख टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ऑगस्ट २०२५ पासून नवा क्रमांक कामगाराच्या आधारवरून, मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो. त्यामुळे आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव जुळते का हे माणूस कामावर येतो त्याच दिवशी बघावे. आपल्या बोटींवर आणि बागांत नेपाळी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना परदेशी समजून पटाबाहेर ठेवले जाते. भविष्य निधीपुरता नेपाळी नागरिक भारतीय कामगारासारखाच धरला जातो, आणि चेहऱ्याच्या पडताळणीतून त्यांना वगळले आहे. त्यांचा क्रमांक मालकाला काढून देता येतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली वेतनाची व्याख्या मालकांनी वाचलीच पाहिजे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. १२,००० चे तुकडे पाडून ५,००० मूळ आणि ७,००० भत्ते असे दाखवून देणी कमी करण्याचे दिवस त्यामुळे संपत आले आहेत.

पाच कार्यालये, पाच संकेतस्थळे आणि प्रत्येकाला तोच पगारतक्ता वेगळ्या साच्यात भरून द्यायचा. यावर उपाय म्हणून माफी मागणारे पुष्कळ आहेत. वीस माणसांच्या आतल्या मालकाला सगळ्यातून सोडा, असे व्यापारी मेळाव्यांत बोलले की टाळ्या पडतात. पण ज्याला सोडायचे तो मालक, आणि ज्याचा विमा, पेन्शन आणि नोंद जाणार तो कामगार. या दोघांची गल्लत करून चालणार नाही. मागायचे ते एवढेच की पगारतक्ता एकदा भरू, एका ठिकाणी भरू, आणि त्यातून कोणाला काय द्यायचे ते शासनाच्या यंत्रणेने आपसांत वाटून घ्यावे. आधार, मोबाइल आणि बँक खाते जोडून झाल्यावर हे अशक्य आहे असे म्हणायला आता जागा नाही. राज्यापुरते तर आजच करता येते, कारण व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी दोन्ही राज्याच्याच कायद्यातले आहेत. जूनअखेर एक तक्ता, एक चलन. डिसेंबरअखेर निधीचा उरलेला हप्ता.

एका बारीकशा गोष्टीमुळे बरीच मंडळी अडकलेली दिसतात, म्हणून ती इथेच नोंदवतो. नोंदणी करताना सल्लागाराने स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकलेला असतो. सल्लागार बदलला, गाव सोडून गेला किंवा नंबर बंद झाला की नोटिसा, ओटीपी, विलंबाचे इशारे सगळे तिकडे जातात आणि मालकाला काहीच कळत नाही. सर्व खात्यांवर मालकाचा स्वतःचा नंबर असला पाहिजे. सल्लागाराने काम करावे, पण चलन आणि विवरणपत्राची पोचपावती मालकाच्या फायलीत आली पाहिजे. फक्त चलन पाहून समाधान मानू नये. पैसे भरलेले आणि विवरणपत्र राहिलेले, अशी प्रकरणे विलंब शुल्काला सर्वांत जास्त बळी पडतात.

करांच्या कायद्यांतल्या दुरुस्त्यांचे विधेयक राज्याच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात येत असते, आणि ते अधिवेशन मार्चच्या सुमारास असते. तेव्हा आपल्याकडची माणसे पेट्या भरण्यात आणि बी विकत घेण्यात गुंतलेली असतात. म्हणून बागायतदार संघ, मच्छीमार सोसायट्या, काजू उत्पादक आणि पर्यटन व्यावसायिक यांनी आपली मागणी गणपतीनंतर, दिवाळीच्या आत, लेखी करून आपापल्या आमदारांकडे द्यावी. मुद्दे तीनच असावेत: पुरुषांची मर्यादाही २५,०००, हंगामी धंद्यांना जून ते मे कालावधी आणि ३० जूनची मुदत, शून्य देण्याला शून्य विलंब शुल्क. सोबत एका खऱ्या धंद्याचे बारा महिन्यांचे पगारपत्रक जोडावे, नावे झाकून. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे रिकामे रकाने पाहिल्यावर मंत्रालयात बसलेल्या माणसाला कोकणातले वर्ष वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.